पान ३७ वरील बटण

सरकारी कार्यालयात प्रत्येक कागदाला जतन करायची मुदत असते. काही पाच वर्षं, काही दहा, काही कायम. किश्श्यांना मात्र कोणी मुदत घालून दिलेली नाही, म्हणून ते साचत जातात. आमच्याकडे तर कागद गोदामात जातात आणि किस्से चहाच्या टेबलावर येतात. एकट्या वैशालीमुळे एका हिवाळ्यात इतके जमले, की मी घरी तोंड उघडलं की बायको विचारते, "वैशालीचा हाये का? मंग थांबा, गॅस बंद करू द्या."

वैशाली आमच्या साकोलीच्या कृषी कार्यालयातली कंत्राटी संगणक ऑपरेटर. मी तिथलाच वरिष्ठ सहायक, लोक मला कापगते बाबू म्हणतात. सहा वर्षं तिने माझ्या बाजूच्या टेबलावर बसून आमची पत्रं, नोटिसा, तक्ते, सभांची इतिवृत्तं, सगळं केलं. मग एक दिवस कळलं की मार्चनंतर कंत्राट वाढणार नाही. घरात ती आणि तिची आई, आणि पगार एकच.

तेवढ्यात तिला नागपूरच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. किचकट नियम आणि फॉर्म साध्या माणसाला समजतील असे करून देणारी कंपनी. अर्जासोबत त्यांना कामाचे नमुने हवे होते. ऑनलाइन पोर्टफोलिओ पाहिजे, आणि तोही नुसता बघायचा नाही, समोरच्याला बोटानं दाबून चालवता येईल असा.

"बाबूजी, माह्याजवळ काय हाये दाखवाले? हेच कागद," ती म्हणाली.

मी म्हटलं, हे कागद पाहून कोणी नोकरी देत असतं तर मी आतापर्यंत सचिव झालो असतो. तिने माझं ऐकलं नाही, ते बरं झालं.

*

पहिला कागद तिने निवडला रजेचा अर्ज. पानावर कारण निवडायचं, तारीख टाकायची, अर्ज आपोआप तयार. कारणांची यादी तिने मनानं बनवली नव्हती. सहा वर्षांत तिनेच टाइप केलेले आमचे सगळ्यांचे अर्ज काढले, नावं गाळली, आणि जे कारण जास्त वेळा आलं ते वर ठेवलं.

सगळ्यात वर आलं, 'साळ्याचे लग्न'.

नाव गाळलं म्हणून काय झालं? हे कारण आमच्याकडे एकच माणूस देतो, परिचर भोजराजकाका. आम्ही त्यांना घेरलं. काका अजिबात डगमगले नाहीत. तीन साळे आहेत, तिघांची तीन लग्नं झाली, यात माझा काय गुन्हा, असं म्हणाले. हिशेब बरोबर होता, आम्ही आपापल्या टेबलावर परतलो.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. वैशालीने अगदी साळसूदपणे विचारलं की काकू, तुम्हाला भाऊ किती?

"एकच हाये," काकू म्हणाल्या. "त्याच्यासाठी पोरगी पाहून राहिलो. तुमच्या पाहण्यात हाये का कोणी?"

*

दुसरा कागद आमच्या खिडकीबाहेरच्या भिंतीवरचा. 'अर्जासोबत जोडावयाची कागदपत्रे', एकूण चौदा. तो मी स्वतःच्या हाताने चिकटवलेला, त्यामुळे मला त्याचा थोडा अभिमान होता.

वैशालीने त्याचे तीन प्रश्न केले. शेत कोणाच्या नावावर आहे, पाण्याची सोय काय आहे, आधी लाभ घेतला आहे का. उत्तरं दाबत गेलं की तुम्हाला नेमके कोणते कागद लागतील तेवढेच दिसायचे. पण हे खऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय कंपनीला पाठवणार नाही, असा तिचा हट्ट.

खऱ्या माणसांची आमच्याकडे कमी नाही. खिडकीशी सानगडीच्या सयाबाई उभ्या होत्या. घरी धानाची मळणी सोडून आलेल्या, त्यांची ही तिसरी चक्कर. आधी दोन्ही वेळा मी त्यांना एखादा कागद कमी आहे म्हणून परत पाठवलेलं. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात चौदाच्या चौदा कागद.

वैशालीने आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला. बाईंनी तीनदा बोट टेकवलं. पडद्यावर आलं, चार कागद.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग बाबूजी, बाकीचे दहा कोणाले पाह्यजे होते?"

मी पाणी प्यायला उठलो. माठ रिकामा होता, तरी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

*

आता कार्यालयाचे कागद बाहेरच्यांना दाखवायचे म्हणजे साहेबांची परवानगी हवी. आमचे साहेब सज्जन माणूस, पण पडद्यावरची कुठलीही गोष्ट ते मंजूर करत नाहीत. वैशाली लॅपटॉप घेऊन आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. फाईल सादर करा, असा आदेश झाला होता.

मग तिने ती अख्खी वेबसाइट प्रिंट केली. साठ-बासष्ट पानं निघाली. भोजराजकाकांनी भोकं पाडून टॅग लावला, मी टिपणी लिहिली, आणि फाईल आत गेली.

चार दिवसांनी बाहेर आली. जिथे जिथे 'येथे दाबा' असं छापलं होतं, तिथे तिथे साहेबांनी हिरव्या शाईची खूण केली होती. एकही बटण सोडलं नव्हतं. लोकांची नावं आणि पत्ते वगळून बाकी सगळ्याला परवानगी होती. फक्त मधल्या एका पानावर चिठ्ठी लावलेली होती.

'पान ३७ वरील बटण दाबले. काहीही झाले नाही. खुलासा करावा.'

वैशाली टेबलावर डोकं टेकवून हसत राहिली. तिचं बरं होतं, तिचं कंत्राट संपणार होतं. मला अजून आठ वर्षं नोकरी करायची आहे. मी खुलासा लिहिला, 'सदर बटण कागदावर असल्याने कार्यान्वित होऊ शकले नाही.'

साहेबांनी खाली शेरा मारला, 'मान्य. यापुढे दक्षता घ्यावी.'

*

खुलासा मान्य झाल्यावर साहेबांची उत्सुकता वाढली असावी. त्यांनी वैशालीला लॅपटॉप घेऊन बोलावलं. मीही मागोमाग गेलो.

त्या दिवशी त्यांच्यापुढे आलं मासिक सभांच्या इतिवृत्ताचं पान. सभेतला एखादा निर्णय दाबायचा, की पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते दिसतं. साहेबांनी सहज एक निर्णय दाबला. 'महिला प्रसाधनगृहास दार बसविण्यात यावे.'

पडद्यावर आलं, 'कार्यवाही चालू आहे.' साहेबांनी ते दाबलं. 'पुढील सभेत आढावा घ्यावा.' तेही दाबलं. 'दार बसविण्यात यावे.' पुन्हा दाबलं, 'कार्यवाही चालू आहे.'

दहा-बारा वेळा दाबल्यावर साहेब म्हणाले, "हे अडकलं वाटतं."

"नाही सर," वैशाली म्हणाली, "हे बराबर चालून राहिलं."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. तिसऱ्या दिवशी सुतार आला. आमच्या कार्यालयात बायका तिघी, आणि सहा वर्षं तिघी एकमेकींना बाहेर पहाऱ्याला उभं करत होत्या. मी त्या प्रत्येक सभेला हजर होतो, प्रत्येक हजेरीपत्रकावर माझी सही आहे, आणि मला कधी ते खुपलं नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

*

पोर्टफोलिओ तयार झाला, कंपनीला लिंक गेली, मुलाखतीचं बोलावणंही आलं. मी सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा ठेवता ठेवता भोजराजकाका म्हणाले, "बाई, मी सारं पाह्यलं मोबाईलवर. यात तुमचं नाव कुठीसा नाही दिसलं मले."

खरंच नव्हतं. पत्रावर सही साहेबांची, टिपणीवर माझी, इतिवृत्तावर सभेच्या सचिवाची. सरकारी कागद ज्याने केला त्याचं नाव सोडून बाकी सगळ्यांची नावं त्यावर असतात. माझ्या खुर्चीमागे उत्कृष्ट टिपणीलेखनाचं प्रमाणपत्र लटकलेलं आहे. ती टिपणी वैशालीने लिहिली होती. मी तिच्यातले दोन स्वल्पविराम काढले होते. त्या दिवशी चहा हातात धरून मी हे पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोललो. ती फक्त "माहीत हाये बाबूजी," एवढंच म्हणाली. त्यानं मला आणखीच वाईट वाटलं.

तिने अनुभवाचा दाखला मागितला, तर तो ठरलेल्या नमुन्यातच देता येतो. 'डाटा एन्ट्रीचे काम समाधानकारक.' तिने वाचून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. त्यात भर म्हणजे जाहिरातीतली पहिलीच अट होती, संगणक शाखेची पदवी. हिची पदवी बी.ए.ची. त्यांनी लिंक पाहून बोलावलं होतं, तेवढीच आशा.

*

मुलाखतीचं तिने परत आल्यावर सांगितलं, ते जसंच्या तसं सांगतो.

समोर दोघं होते. कंपनीचे मोठे सर, पन्नाशीतले, आणि त्यांच्या बाजूला एक मॅडम. सर म्हणाले की काम मला आवडलं, पण प्रत्येक कागदावर दुसऱ्याचीच सही आहे. हे तुम्हीच केलं, हे मी कशावरून मानू?

वैशालीने दाखला काढलाच नाही. म्हणाली, "सर, तुमच्याजवळचा एखादा कागद द्या. इथंच करून दाखवते."

सरांनी टेबलावर हात फिरवला. हाताला लागली ती त्यांचीच जाहिरात, हिने जिच्यासाठी अर्ज केला होता ती. दोन पानं, नुसत्या अटी. म्हणाले, घ्या, याचंच करा.

ती लॅपटॉपवर बसली. पहिलीच अट पदवीची. "हात थांबला होता जी माहा," ती आम्हाला सांगत होती. "तो प्रश्न खाली टाकला असता तं चाललं असतं. मंग मनलं, कागदात वर हाये तं वरच राहीन."

तासाभरात पान झालं. तिने लॅपटॉप सरांकडे वळवला. सर गंमत म्हणून स्वतःचीच उत्तरं भरायला लागले. संगणक शाखेची पदवी आहे का? सर कॉमर्सवाले. त्यांनी 'नाही' दाबलं. पडद्यावर आलं, 'क्षमस्व. आपण या पदासाठी पात्र नाही.'

ते मागे गेले आणि या वेळी खोटंच 'हो' दाबलं. पुढचा प्रश्न, टायपिंगचं प्रमाणपत्र आहे का? सर दोन बोटांनी टाइप करणारे. 'क्षमस्व. आपण या पदासाठी पात्र नाही.'

मॅडमनी तोंडावर ओढणी धरली.

"यात तर तुम्हीपण बसत नाही," सर वैशालीला म्हणाले.

"नाही सर. पहिल्याच प्रश्नाला बाहेर."

"आणि मीपण."

"हो सर."

"मग मी या खुर्चीवर बसलो कसा?"

सहा वर्षं खिडकीवर लोकांना उत्तरं देताना तिचा जो शांत आवाज असायचा, त्याच आवाजात ती म्हणाली, "सर, आपली नेमणूक जुन्या जाहिरातीची असेल."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. खिशातला पेन काढला, जाहिरातीतली पहिली अट खोडली आणि तो कागद तिच्याकडे सरकवला.

"हे दुरुस्त करून घ्या," ते म्हणाले. "सोमवारी आल्यावर."