थकबाकी नसलेली वस्ती

भूम तालुक्यातल्या काही गावांची मिळून एक पाणीपुरवठा योजना होती. तिचं ऑडिट माझ्याकडं आलं तेव्हा नोकरीत मला तिसरं वर्ष लागलं होतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या स्थानिक संस्थांचे हिशेब तपासायचे, चूक दिसली की आक्षेप लिहायचा आणि पुढं त्या आक्षेपाचं काय झालं ते बघायचं, असं आमचं काम. माझे वडील कळंबच्या मोंढ्यात अडतीवर मुनीम होते. हिशेब जुळला की माणसाला शांत झोप लागते, असं ते म्हणायचे. मीही तेच धरून चालले होते.

योजनेचं ऑफिस म्हणजे टाकीजवळची पत्र्याची एक खोली. तिथं पन्नाशीचे एक लिपिक बसत. त्यांनी मागणी-वसुलीचं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. कुठल्या घराकडं किती पाणीपट्टी निघते आणि किती आली, हे त्यात लिहिलेलं असतं. पानंच्या पानं थकबाकीची होती. त्याचं मला काही वाटलं नाही. थकबाकीवर काय लिहायचं ते पाठ झालं होतं.

शेवटच्या पानावर मात्र एक धनगरवस्ती होती. एकोणीस घरं. एकाही घराकडं रुपयाची बाकी नव्हती. मागचं वर्ष बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. तिथंही नव्हती.

मला पहिला संशय आला तो लिपिकांचाच. इतकी चोख पट्टी कुणी भरत नाही. मी पावत्यांची स्थळप्रत काढली, ती कीर्दीशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी लावली, कीर्द बँकेच्या पासबुकाशी लावली. त्यात दुपार गेली. सगळं जुळत होतं. पैसे खरंच आले होते आणि खरंच बँकेत भरले गेले होते.

"भाऊसाहेब, ही माणसं इतकी नियमित कशी काय?" मी विचारलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, आता तुमी काढलंच तर सांगतो. तिथं नळ न्हाय."

"म्हणजे बंद आहे?"

"म्हणजे कधी बसलाच न्हाय. पाइपलाइन ओढ्याच्या अलीकडं थांबली. वस्ती पलीकडं."

मी मोजमाप पुस्तक मागितलं. लाइन ओढ्यापर्यंतच टाकल्याचं त्यात स्वच्छ लिहिलं होतं आणि ठेकेदाराला बिलही तेवढंच दिलं होतं. निधी संपला म्हणून काम तिथं थांबलं होतं. कुणी काही खाल्लं नव्हतं. फक्त मंजूर यादीत वस्तीचं नाव होतं, म्हणून मागणी निघत होती, आणि मागणी निघाली की लोक येऊन पैसे भरत होते.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"दर साली सांगतो. म्हणतात, तुमी पावती फाडा."

माझं डोकं चालेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी वस्तीवर गेले. ओढ्याच्या काठाला पाइपाचं तोंड लाकडाची खुंटी ठोकून बंद केलेलं होतं. तिथून पुढं पायी. निम्मी घरं बंद होती, माणसं मेंढरं घेऊन बालाघाटाच्या पलीकडं गेली होती. एका दारात सत्तरीचे एक गृहस्थ लोकर पिंजत बसले होते. वस्तीची पाणीपट्टी गोळा करून तेच भरायला येतात, असं लिपिकांनी सांगितलं.

त्या गृहस्थांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. पाणी कुठलं, असं मी विचारलं तर त्यांनी लांबच्या एका विहिरीकडं हात केला. बायका डोक्यावर आणत होत्या.

"मामा, नळ नसताना तुम्ही पाणीपट्टी का भरता?"

"पाण्यासाठी न्हाय भरत बाई."

"मग?"

ते आत गेले आणि प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन आले. त्यात सगळ्या सालांच्या पावत्या होत्या, नीट घडी घालून. "ह्याच्यावर बघा. आमच्या वस्तीचं नाव हाय. दुसऱ्या कोणत्याच कागदावर न्हाय. गाव म्हणतंय, तुमी सहा महिने हितं, सहा महिने तितं, तुमचं काय खरं. नातीला शाळेत घालताना हीच पावती दाखवली. लाइटीच्या मीटरला बी हीच."

"पण ही वसुली नियमात बसत नाही. मला लिहावं लागेल."

"लिहा की. लिहिल्यावर काय व्हतंय?"

"पैसे परत मिळतील तुम्हाला."

"आन् नाव?"

मागणी रद्द झाली तर रजिस्टरातून नाव जाणार, हे मला माहीत होतं. त्यांनाही ते कळलं असावं. ते परत लोकर पिंजायला लागले. आता राग कुणाचा करायचा हेच मला कळत नव्हतं. ज्यांचं नुकसान होत होतं त्यांचीच तक्रार नव्हती.

धाराशिवला परत आल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांनी बघितलं नाही असं काही उरलेलं नाही, असं आम्हाला वाटायचं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"सेवा न देता वसुली. परत करायला सांगणं भाग आहे," ते म्हणाले.

"आणि वस्तीचं नाव?"

"ते आपल्याकडं येत नाही." मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काहीच समजेना, सर."

"मलाही. पण आक्षेपाचा परिच्छेद तुमच्या सहीनं जायचाय. तुम्ही लिहा."

मी तीन वेळा लिहिला आणि फाडला. शेवटी असं लिहिलं की मंजूर यादीप्रमाणे वस्तीपर्यंत लाइन पूर्ण करावी, नाहीतर वसूल केलेली रक्कम परत करावी. लाइन आधी, परतावा नंतर. एवढीच माझी हुशारी. घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "हिशेब तर जुळतोय ना?" जुळत होता. मला काही झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी लिपिकांचा फोन आला. योजनेच्या समितीनं सोपं तेवढं केलं होतं. परताव्याचा ठराव घेतला आणि वस्तीची मागणी बंद केली. पण मामा पैसे न्यायला आलेच नाहीत. उलट मार्चमध्ये नव्या सालाची पाणीपट्टी घेऊन आले. लिपिकांनी घेतली नाही, तर पोस्टानं मनीऑर्डर केली.

"मॅडम, हे पैसे आता कुठं दाखवू? पट्टी म्हणून दाखवता येत न्हाय, परत केले तर घेत न्हायत."

"अनामत म्हणून दाखवा," मी म्हणाले.

"कशाची अनामत?"

"वस्तीच्या नावानं अनामत, एवढंच लिहा," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर घाबरले. असं सांगण्याचा मला अधिकार होता का, हे मी कुणाला विचारलंही नाही. लिपिकांनी तशीच पावती फाडली. मामांना रकान्याचं काही पडलं नव्हतं. पावतीवर वस्तीचं नाव होतं.

मधे दोन वर्षं गेली. मी परंड्याकडची कामं बघत होते. एक दिवस लिपिकांचा पुन्हा फोन आला. नव्या योजनेत ओढ्यापलीकडं लाइन घ्यायची तर वस्तीची लोकवर्गणी लागत होती. अभियंत्यानं कीर्द चाळली, तर वस्तीच्या नावानं न नेलेल्या परताव्याचे आणि अनामतीचे पैसे जमा दिसले. तेच वर्गणीत धरले गेले. लाइन ओढा ओलांडून गेली होती.

"म्हणजे माझ्या आक्षेपामुळं झालं का?" मी विचारलं.

"तसं न्हाय म्हणता येत," ते म्हणाले. "तुमी परत करा म्हणला व्हता. त्यांनी परत घेतले न्हाईत म्हणून झालं."

"पाणी आलं त्या दिवशी मामा होते का?"

"न्हाय. मेंढरं घेऊन गेल्ते. दोन बायका आन् एक म्हातारी व्हती. घागरी कमी पडल्या."

तो परिच्छेद निकाली काढायला माझ्याकडंच आला. मी सांगितलं होतं परत करा, तर रक्कम परत गेलीच नव्हती. मी सांगितलं होतं लाइन टाका, तर ती माझ्या सांगण्यावरून टाकली नव्हती. कारणाच्या रकान्यात काय लिहावं, हे मी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अनुपालन मान्य, म्हणजे सांगितलं तसं झालं, असं लिही आणि मोकळी हो."

मी तसं लिहिलं आणि सही केली. फाइल शिपायाकडं देताना एकदा परत मागून घेतली, वाचली, आणि दिली.