बिल्ल्याची पाठ

खोटं काम मी आयुष्यात एकदाच केलं, आणि तेही मला न सांगता माझ्याकडून करून घेतलं. करून घेणारा कोण, तर माझा सख्खा मामा!

आमच्या तारापूर-चिंचणीकडे पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांचे साचे कोरतात. आम्ही त्याला डाय म्हणतो. मी मामाच्या हाताखाली शिकलो. एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी चोवीस वर्षांचा होतो, नवं लग्न झालं होतं, आणि बोईसरजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चिकटायची आस लागली होती. तिथे यंत्रं बसवायला आलेला एक अमेरिकन साहेब एका रविवारी जीप घेऊन आमच्या दारात आला. हातात पिन तुटलेला बिल्ला. दुरुस्त करून हवा होता.

शंकरपाळ्यासारखा चौकोनी, लाल-पांढरा मीना, मध्ये तिरकं स्वस्तिक. बायको म्हणाली, "शुभ दिसतंय." कसलं शुभ! जर्मनीत हुकूमशाही होती तेव्हा तिथल्या यच्चयावत पोरांना एका संघटनेत भरती करत, तिच्या सभासदाचा तो बिल्ला. साहेब दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढला होता आणि असले बिल्ले जमवायचा.

मग तो दर रविवारी यायला लागला. स्टुलावर बसून आमचा चहा प्यायचा. माझं मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आणि बाकी हातवारे, यावर आमचं भागायचं. तो म्हणायचा, तोंड कुणीही बघतं, तू पाठ बघ. पाठीवर 'कायद्याने संरक्षित' अशा अर्थाची जर्मन अक्षरं असली तर बिल्ला सुरुवातीचा. गोल शिक्का, त्यात तीन अक्षरं आणि शेजारी कारखान्याचा नंबर असला तर त्यानंतरचा. हाताला हलका लागला तर लढाईतला, कारण तांबं तोफांना गेलेलं. जुनी पिन कशी वाकते, मीना कडेला कसा उतरतो, सगळं त्याने भिंगाखाली दाखवलं. एवढा मोठा माणूस मला बरोबरीने बसवून शिकवतो, याचंच मला अप्रूप. टूलरूमच्या मुख्य माणसाला तुझ्यासाठी चिठ्ठी देतो, असंही म्हणाला. त्या चिठ्ठीवर आम्ही नवरा-बायको जगत होतो म्हणा ना.

पिन बसवायला म्हणून एक बिल्ला त्याने माझ्याकडेच ठेवला. मामा म्हणाला, "याची डाय कोरून दाखव. पाठ पण. आता उस्ताद झालास की नाय ते कळू दे मला."

बारा दिवस मान वर केली नाही. पाठीवरचा गोल शिक्का कोरताना मधल्या अक्षराजवळ कोरायची सळई केसभर निसटली, तेवढंच. मामाने भिंगातून बघितलं, म्हणाला, "पास." डाय फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पेटीत ठेवली. भाच्याचं काम जपून ठेवलं म्हणून मी आपला छाती फुगवून फिरतोय! येडा कुठला.

दिवाळीनंतर दुसऱ्याच कामासाठी पालघरला मीना भरणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याच्या पाटावर तसले सात बिल्ले. एक उलटा केला. मधल्या अक्षराजवळ माझा निसटलेला केस.

"तुझ्या मामानेच दिलेत," तो म्हणाला. "जुने दिसायला पायजेत, म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतो."

डोकं सणकलं. घरी येऊन मामाला जाब विचारला. त्याने हातातली कानससुद्धा खाली ठेवली नाही. "गिऱ्हाइकाने सांगितलं, केलं. तुला काय करायचंय?" केसाने गळा कापला, तोही परीक्षा म्हणून! माझ्या हाताचा खोटा माल फिरत फिरत साहेबाच्याच गळ्यात पडणार, हे मला लख्ख दिसत होतं. ज्याने खरं-खोटं ओळखायला शिकवलं, त्यालाच मी फसवणार.

बायको म्हणाली, "आधी चिठ्ठी हातात पडू द्या, मग सांगा काय सांगायचं ते." बरोबरच होतं तिचं. तरी सकाळी सायकल काढली आणि साहेबाच्या बंगल्यावर गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माफी मागितली. चिठ्ठी नको म्हणालो.

साहेब हसला. मनापासून हसला हो! खण ओढला. कापसावर आधीच्या खेपेतले माझे चार बिल्ले, जुन्यांच्या शेजारी मांडलेले.

"बाकीचे मित्रांना पाठवले," तो म्हणाला. "एकालाही कळलं नाही. मामाला मीच बजावलं होतं, तुला सांगू नकोस म्हणून. कळलं असतं तर तुझा हात थरथरला असता."

मी म्हटलं, "मग मला ते सगळं शिकवलंत कशाला?"

"त्याशिवाय पाठ इतकी बरोबर आली असती का?"

एवढे रविवार! आमच्या घरचा चहा पीत तो मला शिकवत नव्हता, मापं देत होता. रडू आलं, पण त्याच्यासमोर कसला रडतोय. त्याने तिथेच चिठ्ठी लिहिली, सही केली आणि मला वाचून दाखवली. लिहिलं होतं, हा कारागीर कुशल आहे आणि पूर्ण विश्वासू आहे.

चिठ्ठी मी घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी घेतली.

दारातच बायकोने विचारलं, "रागावले का हो फार?"

"नाही," मी म्हणालो. "शाबासकी दिली."