पाच वाजताचा मोर

साठ सालच्या आसपासची गोष्ट. धाकट्या बहिणीच्या लग्नात वडिलांना बर्फाचा मोर हवा होता. नागपूरच्या एका मेजवानीत त्यांनी तसा पाहिला होता. आमच्या पांढरकवड्यात बर्फ सरबतापुरता मिळायचा, म्हणून मी यवतमाळच्या बर्फाच्या कारखान्यात सांगून आलो. लग्नाच्या सकाळी ट्रकमधून भुशात पुरलेली भली मोठी लादी आली आणि तिच्याबरोबर एक किडकिडीत, अबोल कारागीर.

त्यानं आधी बर्फाला हातच लावला नाही. मांडवभर फिरून वारा कुठून येतो ते गालावर पाहिलं, मग छिन्नी उचलली. दुपारी दोनला तो थांबला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मान खांबासारखी, पश्चिमेकडचा पंख दुसऱ्याच्या दुप्पट जाड.

"हा मोर आहे का हो?" मी विचारलं.

"नवरदेव पाच वाजता येते ना, भाऊ? मंग मी पाचचा मोर करून राह्यलो. बाकीचं काम हवा करते."

हत्यारं पुसून तो एसटीला निघाला. मी म्हटलं, मोर बघून तरी जा.

"पाह्यला ना मी," तो म्हणाला.

पाच वाजता वाजंत्री दारात आली. पश्चिमेच्या झळांनी मान बारीक ओढली होती. दोन्ही पंख सारखे झाले होते, इतके पातळ की पलीकडची माणसं दिसत होती. वडिलांनी विचारलं, कारागीर कुठे आहे? मी एसटीच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. आम्ही आत्ता पाहत होतो तो मोर त्यानं सकाळीच, वाऱ्याकडे गाल करून उभा असताना, पाहिला होता.