विहिरीवरचा नांगर

आमच्या विहिरीच्या कट्ट्याला लागून वर्षभर एक लोखंडी पातं पडून होतं. दोन-अडीच हात रुंद, खाली धार, वर दोन जाड कान. मी त्याला हिरव्या रंगाचे दोन हात मारून दिले होते आणि बायको त्याच्यावर धुणं धुवायची. दगडापेक्षा बरं, म्हणायची. ते पातं माझ्या गाडीचं होतं आणि मीच ते काढून टाकलं होतं. त्यापायी माझ्या सासऱ्यांची होडी जायची वेळ आली.

गाडी म्हणजे लष्कराची जुनी रिकव्हरी गाडी. चिखलात रुतलेले ट्रक दोर लावून ओढून काढायचे, हे तिचं काम. तीस वर्षं मी बंदरातले कंटेनर ओढले. कंबर गेली तशी ट्रेलर विकला आणि चौलला घरी बसलो. घरी बसणं मला जमत नाही. एकदा पनवेलच्या भंगारवाल्याकडे जॅक बघायला गेलो, तर मागच्या बाजूला गवतात ही उभी. सहा चाकं, सगळी बसलेली, आणि गॅस कटरवाला तिच्याकडे बघत विडी ओढत होता. मला एकदम राग आला. ज्या गाडीनं दुसऱ्याला खड्ड्यातून काढलं, तिला असं कापायचं? जॅक राहिला, गाडी घेतली.

ती घरी आली दुसऱ्याच ट्रेलरच्या पाठीवर बसून. बायको दारात उभी. "ही ओढते म्हणता ना? मग हिलाच का उचलून आणली?" मी म्हटलं, आजारी माणूस दवाखान्यात चालत जातो काय? 

दोन वर्षं लागली. डिझेलच्या टाकीतून डिझेल सोडून सगळं निघालं. एअर फिल्टरात गांधीलमाश्यांचं पोळं. इंजिन जाम. सिलिंडरमध्ये रॉकेल-डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं, मग पहार लावून रोज बोटभर, बोटभर फिरवत राहिलो. सीटखाली एक सुई, खाकी दोऱ्याचं रीळ आणि एक पितळी बटण सापडलं. कुणा जवानाचं असेल. ते मी अजून डॅशबोर्डवर ठेवलंय.

आमच्याकडचं खारं वारं मोठं हरामी. सकाळी पत्रा घासून चांदीसारखा करावा, दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा तांबडा. दोनदा असा हात पोळल्यावर मी नियम केला: दिवस मावळायच्या आत जेवढं रंगवून होईल, तेवढंच घासायचं. मग कुठे गाडी पुढे सरकायला लागली. म्हणजे कामापुरती. चालू व्हायला अजून वर्ष होतं.

मागच्या बाजूला, दोर गुंडाळायच्या विंचच्या खाली, ते पातं लोंबकळत होतं. मी भातशेतीवाल्याचा मुलगा. मी त्यात नांगर बघितला. लष्कराला खंदकबिंदक खणायला लागत असेल, आपल्याला काय उपयोग? गाडी चालू झाली तशी वाडीच्या रस्त्यात ते सारखं घासायला लागलं. पान्याला पाइप लावून नट सोडवले आणि पातं विहिरीवर नेऊन टाकलं.

सासरे खाडीच्या तोंडाशी कोळीवाड्यात राहायचे, एकटे. सासूबाई वारल्या होत्या, दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीत. दर आठवड्याला मासळी घेऊन यायचे, कट्ट्यावर चहा घ्यायचे आणि निघायचे. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये, हे त्यांचं ठाम. बायको रडली, भांडली, पण नाही म्हणजे नाही. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावय म्हणायचे, पण "भातवाले जावय" असं, खोचून. पोहता न येणाऱ्या माणसाला पोरगी दिली, हे दुःख त्यांनी कधी लपवलं नाही.

एकदा त्यांनी ते पातं पाहिलं. वाकून हात फिरवला. "ह्यो नांगर हिकडं कशाला?"

म्हटलं, "नांगरच आहे तो. मला कुठं नांगरायचंय, मामा?"

"अवो, नांगरल्याबिगर वढनार कशी?"

मला हसू आलं. कोळी माणूस मला नांगरणी शिकवतोय! मी म्हटलं, बघू. त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायले. तेव्हा मी एक प्रश्न विचारला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण उंटावरचा शहाणा खाली कशाला उतरेल?

त्या मे महिन्यात बायको कोळीवाड्यातून आली ती तोंड पाडूनच. पावसाआधी सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, शाकारून ठेवतात. मामांची होडी दोन सिलिंडरची, ओढायला वीस-पंचवीस माणसं हवीत. पूर्वी नुसती हाक मारली की माणसं जमायची. आता हाक मारली की सात म्हातारे आणि चार बाया. मामांनी सांगून टाकलं होतं: या उधाणाला होडी वर निघाली तर ठीक, नाहीतर विकली. आणि होडी विकली की त्या माणसाकडे सकाळी उठायचं कारण उरणार नव्हतं.  बायकोनं गाडीकडे बघितलं.

मी म्हटलं, "मी आणतो गाडी."

पौर्णिमेचं उधाण होतं. पहाटेच गाडी काढली. कागदपत्रं नसल्यामुळे ती डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, म्हणून वाडीवाडीतून, बांधाबांधानं. इंजिनाचा आवाज ऐकून लोक दारात आले. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

भरतीला होडी जेवढी वर येईल तेवढी आणली. खाली तेल लावलेले ओंडके टाकले. गाडी पाठमोरी उभी केली, हँडब्रेक ओढला, वायरचा दोर होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला लावला आणि विंच सुरू केला. दोर ताठ झाला. होडी वीतभर हलली. म्हातारे ओरडले, "हैशा!"

मग होडी थांबली आणि माझी गाडी मागे जायला लागली.

चाकं जाम, तरी गाडी वाळूत रुतत, घसरत समुद्राकडे निघाली. होडीला मी ओढायचं, तर होडीच मला ओढतेय! ओहोटी लागायला अर्धा तास होता. एकदा पाणी उतरलं की होडी तिथंच बसणार, आणि पुढचं उधाण पावसातलं.

मामा कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत होते, "नांगर टाका! जावय, नांगर!"

मी खिडकीतून ओरडलो, "अहो, इथं काय नांगरू? वाळू?"

ते धावत आले. गाडीच्या मागे गेले, रिकाम्या भोकांत बोटं घालून बघितली. "पातं कुटं हाय?"

"विहिरीवर."

"विहिरीवर काय करतंय?"

"तुमची लेक धुणं धुते त्याच्यावर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते पातं जमिनीत रुतवायचं, म्हणजे गाडी जागची हलत नाही. होडीच्या नांगरासारखं. शब्द एकच, पण वर्षभर मी शेतातला ऐकत होतो आणि ते पाण्यातला बोलत होते. समुद्रापासून तासाभराच्या चालीवर जन्म काढला आणि ही माझी अक्कल. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. होडी जाणार, तीही माझ्यामुळे, आणि बायकोला काय तोंड दाखवू?

मामांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं म्हटलं, "तुमी गाडीत बसा." होडीतले दोन्ही नांगर काढले. गाडीच्या पुढे म्हाताऱ्यांनी हातांनी, थाळ्यांनी, मिळेल त्यानं खड्डा खणला, त्यात नांगर गाडले, वर ओंडका आडवा टाकला आणि दोर माझ्या पुढच्या हुकाला बांधला. सात म्हातारे आणि चार बाया त्या ओंडक्यावर उभ्या राहिल्या. मामांनी हात वर केला.

विंच फिरला. गाडी कण्हली, पण जागची हलली नाही. होडी ओंडक्यांवरून वर आली, हळूहळू, पार सुरूच्या झाडांपर्यंत. मी इंजिन बंद केलं. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. बायांनी ओले पदर पिळले. मामा होडीच्या तळाला हात लावून बराच वेळ उभे होते.

दुसऱ्याच दिवशी पातं गाडीला परत लावलं. बायकोला धुण्याला मोठा दगड आणून द्यावा लागला. तो दगड मात्र तिला अजून पसंत नाही.

त्यानंतर दोन मे महिने मी होडी वर ओढली. पहिलं काम पातं खाली सोडायचं. मामा बाजूला उभे राहून बघायचे आणि हसायचे. "भातवाले" मात्र त्यांनी सोडून दिलं होतं, नुसतं "जावय".

यंदा पाऊस सरून होडी खाली उतरवायची वेळ आली, तर मामांचा निरोप नाही. गुडघे गेले होते, डोळ्यांत पडदा आला होता. आठवड्याची मासळीही बंद झाली होती. मी जायला निघणार, तोच रिक्षा दारात थांबली. मामा उतरले. हातात मासळीची पिशवी नव्हती. कपड्यांची एक थैली होती, आणि रिक्षावाला मागून होडीचा एक नांगर ओढत आणत होता.

मामा गाडीच्या पायरीवर बसले. बायको चहा आणायला आत गेली. ते म्हणाले, "नांगर टाकला, जावय."

मी जुनी थट्टा केली. "कुठला, मामा? शेतातला की पाण्यातला?"

ते हसले नाहीत. थैली माझ्या हातात देत म्हणाले, "तुमच्या अंगनातला."