जरासं आणि सहा लांब बाण

दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. सगळे त्याला जरासं म्हणत. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक म्हणे, "जरासंच काप हं," आणि तो म्हणे, "जरासंच." एवढं बोलणं झालं की कात्री सुरू. डावी बाजू खाली आली की उजवी लांब वाटे, उजवी खाली आणली की डावी. दोन्ही बाजू जुळवता जुळवता गिऱ्हाइकाच्या कानांना कित्येक वर्षांनी वारा लागे. मग तो मागे आरसा धरून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता सांगे, "वाढतील की परत." आणि ते वाढतही, म्हणून तर दुकान चालू होतं. माणूस वाईट नव्हता. कात्री हातात आली की थांबायचं कुठे, एवढंच त्याला कळत नसे.

पंचेचाळिशीत त्याचा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि घरापासून सगळ्यांत जवळ व्यायाम मिळण्याची जागा म्हणजे पाण्याच्या जुन्या टाकीमागचा धनुर्विद्येचा क्लब. हा गेला तो केवळ डॉक्टरांचं तोंड गप्प करायला. पण दिवसभर हात वर धरून उभं राहायची सवय आणि बोटांना थरथर म्हणून नाही. वर्षभरात तो जुन्या मंडळींच्याही पुढे गेला आणि रविवारच्या आंतरक्लब सामन्यासाठी चौघांच्या संघात त्याची निवड झाली. शाळेत असताना त्याला कुठल्याच संघात कुणी घेतलं नव्हतं. संघ निवडून झाला की खेळणाऱ्यांचे कपडे आणि चपला सांभाळायला तो बसायचा. त्यामुळे ही बातमी त्याने बायकोला दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली की तिला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

अट एकच होती: प्रत्येकाने स्वतःचे बाण आणायचे. आजवर तो क्लबातले कुणाकुणाचे उरलेसुरले बाण मारत होता. लांबच्या शहरात राहणाऱ्या थोरल्या भावाने कौतुकाने सहा कार्बनचे बाण पाठवून दिले, काळेभोर, नारिंगी पिसांचे. कारखान्यातून आले तसे ते वीतभर जास्त लांब होते. असे बाण आपल्या हाताच्या मापाने कापून घ्यायचे असतात आणि मगच पुढच्या तोंडाला टोक बसवायचं असतं. लांब राहिला तर बाण जड होऊन खाली पडतो. आखूड झाला तर त्याहून वाईट: दोरी ओढताना तो धनुष्याच्या आत येतो, बाण जिच्यावर टेकतो त्या टेकणीवरून घसरतो आणि सुटला तर आपल्याच हातात घुसतो. दुसरा संच रविवारच्या आत येणं शक्य नव्हतं. म्हणजे कापण्यात चूक झाली की संघातून नाव गेलं, आणि कदाचित बोटंही.

आरशासमोरच्या फळीवर सहा बाण मांडून तो बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा आपण असं काहीतरी कापणार आहोत की जे परत वाढत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

तसं बघितलं तर यात अडचण काहीच नव्हती. क्लबातले सगळे आपले बाण बाईंकडून कापून घेत. बाई म्हणजे पोस्टाच्या खिडकीमागे जन्म घालवून निवृत्त झालेल्या, क्लबातल्या सगळ्यांत जुन्या नेमबाज. त्यांच्याकडे बाण कापायची खास करवत होती, आणि कुणालाही त्या नाही म्हणत नसत. घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाई जरासंच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाठीवर रुळणारे केस होते. "टोकं तेवढी सारखी कर," त्या म्हणाल्या, आणि त्याने सारखी केली. लग्नात आलेले पाहुणे मुलीपेक्षा आईच्याच तब्येतीची चौकशी करत होते. म्हणून क्लबात आल्यापासून बाई मैदानाच्या या टोकाला असल्या की हा त्या टोकाला असे.

म्हणून त्याने ठरवलं, आपलं हत्यार आपण निवडायचं. कापायच्या सरावाला क्लबातून कार्बनचेच तीन मोडके बाण मागून आणले.

आधी प्लंबर मेहुण्याचं पाइप कापायचं हत्यार आणलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, नुसतं गोल फिरवा, कळणारसुद्धा नाही." दाजींनी फिरवलं, मळसूत्र आवळलं, पुन्हा फिरवलं. कर्रकन आवाज झाला आणि बाण उभा चिरला. तांब्याची नळी दाबली की दबते. हे दबत नाही, फुटतं. मेहुण्याने तो बाणच मुळात खराब असल्याचा निर्वाळा दिला आणि आपलं हत्यार पिशवीत टाकून तो चहाही न घेता गेला.

मग खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या शेजाऱ्याकडून लोखंड कापायची हॅक्सॉ आली. तिने बाण कापला खरा, पण कापलेलं तोंड पिंजून निघालं आणि त्यातलं एक कुसळ त्याच्या अंगठ्यात गेलं. तोंड साफ करायला त्याने थोडं मागून पुन्हा कापलं. ते तिरकं गेलं. ते सरळ करायला अजून थोडं. मग दुसरा बाण पहिल्याशी जुळवायला घेतला, तो जास्त कापला गेला, म्हणून पहिला दुसऱ्याशी जुळवला. चिरलेला तिसराही भरीस भर म्हणून त्यांच्या रांगेत आला. संध्याकाळी दुकानात डोकावलेल्या बायकोला फळीवर तीन पेन्सिली दिसल्या. तिने एक उचलून निरखून पाहिली.

"दात कोरायला अजून लांब आहेत," ती म्हणाली. "जरासं काढा."

ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने अगदी साध्या सुरात विचारलं, "अहो, सगळ्यांकडे जाऊन आलात. जिच्याकडे करवत आहे तिच्याकडे कधी जायचं?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून, बाण वर्तमानपत्रात गुंडाळून, क्लबाचं धनुष्य खांद्याला अडकवून आणि नाक मुठीत धरून तो बाईंच्या दारात उभा राहिला. बाईंनी दार उघडलं. केस आता खांद्यांपर्यंत आले होते आणि त्यांचा एक कसाबसा अंबाडा बांधलेला होता. केसांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे तो आणखी घाबरला.

मागच्या पडवीत टेबलावर ती करवत होती: छोटीशी मोटर, तिच्यावर कागदाइतकी पातळ खरखरीत चकती आणि बाण ठेवायला एक लांब पट्टी. तिला दात नव्हतेच. ती चिरत नाही, झिजवत झिजवत कापते, म्हणून तोंड पिंजत नाही. बाईंनी स्वतःच्या तोंडाला फडकं बांधलं, त्याला एक बांधायला दिलं. कार्बनची धूळ छातीत गेलेली चांगली नाही म्हणाल्या. मग त्याला स्टुलावर बसवून एक जुना टॉवेल त्याच्या खांद्यांवर टाकला आणि मानेमागे चिमट्याने घट्ट बसवला. धूळ उडते म्हणून, त्या म्हणाल्या. त्या टॉवेलात बसल्यावर गिऱ्हाइकांना काय वाटत असेल, याची त्याला पहिल्यांदाच कल्पना आली.

"किती कापू?" बाईंनी विचारलं.

"जरासंच," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

बाईंनी मोटर सुरू केली. त्यांची त्याच्याकडे पाठ होती. चकती घूं घूं करत फिरली, बाण बाईंच्या बोटांत गोल फिरला आणि चांगला वीत-दीड वीत तुकडा टप्पकन फरशीवर पडला. जरासंच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी मोटर बंद केली, उरलेला बाण डोळ्यांसमोर धरला, मान एका बाजूला कलती केली.

"थोडं जास्त गेलं का रे? असू दे. वाढेल की परत."

तो टॉवेलासकट अर्धा उठला. तेव्हा बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी तो बाण उलटा केला; त्याची पिसं पिवळी होती. कोपऱ्यातल्या बादलीतला त्यांचाच एक तडकलेला बाण होता तो. याचे सहाच्या सहा वर्तमानपत्रात जसेच्या तसे होते. त्याचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही, कारण समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्यात नटलेल्या मुलीशेजारी बाई उभ्या होत्या, तापातून उठल्यासारख्या. आपलं काम त्याने आजवर हातभर अंतरावरूनच पाहिलं होतं. इतक्या लांबून ते फार वाईट दिसत होतं.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तेव्हा तू 'वाढतील' म्हणालास," बाई म्हणाल्या. "ऊठ. धनुष्य घे."

त्यांनी त्याला पडवीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, न कापलेला बाण लावून दोरी हनुवटीपर्यंत ओढायला लावली आणि टेकणीपाशी बाणावर खडूची खूण केली. पुन्हा ओढायला लावली, पुन्हा पाहिलं. मग त्या खुणेच्या पुढे दोन बोटं जागा सोडून सहाही बाण एकापाठोपाठ एक कापले. तोंडं गुळगुळीत आणि तंतोतंत सारखी आली.

"दोन बोटं लांबच राहिले की," तो चाचरत म्हणाला.

"मुद्दाम ठेवलेत. एका दमात शेवटपर्यंत कापायचं नसतं. टोकं बसव, दोन दिवस मारून बघ. लांब वाटले तर परत ये."

त्याला बाण लांब वाटले नाहीत. रविवारी संघ पाचांत चौथा आला, पण त्याचा एकही बाण लक्ष्याच्या फळीबाहेर गेला नाही. हे त्याने बायकोला किती वेळा सांगितलं ते ती मोजत बसली नाही.

मंगळवारी दुपारी बाई दुकानात आल्या, खुर्चीत बसल्या आणि अंबाडा सोडला. बाकावर वाट बघत बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्रं खाली घेतली. जरासंने कापड पांघरलं आणि आजवर कुणालाही न विचारलेलं विचारलं, "नक्की कुठपर्यंत?" बाईंनी मानेवर बोट ठेवलं. त्याने तिथे चिमटा लावला, चिमट्याच्या खाली दोन बोटं जागा सोडली आणि कापायला सुरुवात केली. डावी बाजू झाली. उजवी झाली. उजवी किंचित लांब वाटत होती. निदान त्याला तरी वाटत होती. हात शिवशिवायला लागले. बाकावरचा एक जण तर चक्क उभाच राहिला. जरासंने कात्री फळीवर ठेवली आणि मागे आरसा धरला.

बाईंनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, बराच वेळ पाहिलं.

"अरे, उजवीकडे अजून जरासं काढ की."

त्याने त्यांच्या अंगावरचं कापड काढून झटकलं.

"बाई, दोन दिवस हिंडून बघा. लांब वाटले तर परत या."