आडव्या ठेवायच्या काठ्या

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पोलीस ठाण्यातल्या ओल्या भिंतीला टेकवलेल्या त्या चार काठ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मुळशीतल्या कासार आंबोलीत एका बंगल्याचे मालक वारले. बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या चार जुन्या, अखंड लाकडी काठ्या चोरीला गेल्याची फिर्याद त्यांच्या पुतण्याने दिली. दोनच दिवसांत खबऱ्याने कळवलं, बाजारात लाकूड कातणाऱ्या खरादीचाचांकडे तशाच काठ्या कापायला आल्यात. आम्ही पोहोचलो तेव्हा चाचा एकेक काठी सरळ आहे का, ते काचेवर लोळवून पाहत होते. शेजारी बंगल्याचा म्हातारा राखणदार उकिडवा बसलेला.

"किंमत काय धरायची?" मी पंचनाम्यासाठी चाचांना विचारलं.

"जुनं लाकूड, अजून सुतात हाय साहेब. मधी कापून पितळी जोड बसवला की शौकीन लई मोल देत्यात. पर वाकलं की सरपण."

राखणदाराला ठाण्यात आणलं. मूळचा मेंढपाळ, बंगल्याच्या नोकरीपायी कळप मोडलेला. दोन दिवस जबाब एकच.

"मालकांनी दिल्यात. ह्या इकून चार मेंढरं घ्यायची हायेत. आन् साहेब, त्या उभ्या नका ठेवू. आडव्या ठेवा."

"काठ्यांचं सोड, खरं बोल!" मी खेकसलो. म्हातारा विषय बदलतोय असं वाटलं मला. आडव्या काठ्या पायात येतात म्हणून त्या भिंतीला उभ्या करायला कारकुनाला मीच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुद्देमालातल्या पिशवीकडे नीट पाहिलं. बंगल्याच्याच पडद्याचं कापड, बारीक टीप, प्रत्येक काठीला वेगळा कप्पा. चोरीच्या मालासाठी इतक्या मायेने कोण शिवतं? मालकांच्या पत्नी पुण्यात मुलीकडे होत्या. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं, तिथे तेव्हा गेलो.

"ह्यांनीच त्याला दिल्या. पिशवी मी शिवली," बाई म्हणाल्या. "मला विचारलंत तरी का नाही?"

म्हातारा त्याच संध्याकाळी सुटला. काठ्या मात्र कोर्टाच्या हुकुमाशिवाय सुटेनात, आणि पुतण्या हरकत घेत राहिला. मुळशीचा अख्खा पावसाळा त्या तशाच उभ्या होत्या. गुन्हा उलगडला या आनंदात त्या आडव्या करायचं मला सुचलंच नाही.

हुकूम आल्यावर म्हाताऱ्याला घेऊन मी स्वतः चाचांकडे गेलो. पहिली काठी काचेवर वाकडी खडखडत गेली. दुसरी, तिसरीही. चौथी चाचांनी लोळवलीच नाही.

खोटं बोलणारा विषय बदलतो, असं मी नव्या शिपायांना शिकवायचो. खऱ्या माणसालाही आपल्या वस्तूची काळजी असते, हे मी शिकलो ते त्याचं नुकसान करून. मी त्याची माफी मागितली.

एकेक काठी कप्प्यात घालत तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. मेंढरं हाकायला काठी लागतीच."

मेंढरं काही आता त्याच्याकडे यायची नव्हती.