बांधावरची अर्धी आवळी

कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकला तेव्हा मी चुलीपुढं होते. वाळल्या लाकडावरचा घाव टणकन वाजतो, ओल्यावरचा दबका. हा ओल्यावरचा होता. सून आवळे काढायला बांधावर गेली होती. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी पळाले.

आमचं रान शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला आहे. नदीपलीकडं दौंड, तिकडं माझं माहेर. सासरे आणि चुलत सासरे आधी मेंढरं घेऊन फिरायचे. मेंढरं विकून त्यांनी रान घेतलं, वाटणी केली आणि मधल्या बांधावर दोघांनी मिळून आवळी लावली. ज्याच्या बाजूला फांदी, त्याचा आवळा, असं ठरलं. ते दोघं असेपर्यंत त्यावरून कधी शब्द झाला नाही.

ते गेले आणि पलीकडचं रान माझ्या थोरल्या चुलत दिरांकडं आलं. त्यांनी ऊस लावला. आवळीच्या सावलीत उसाची एक पट्टी खुरटी राहायची. तोड जवळ आली की त्यावरून शिव्या सुरू. एका साली त्यांनी माझ्या मालकांना खोऱ्याच्या दांड्यानं मारलं, कानामागं फुटलं. दुसऱ्या साली मालकांनी त्यांचा पाण्याचा पाइप कोयत्यानं चिरला. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून हळद लावायचे, रक्त पुसायचे. दिरांपुढं तोंड उघडायची माझी रीत नव्हती.

कुऱ्हाड चालली त्या साली सुनेला सहावा महिना होता आणि अंगात रक्त कमी होतं. मुलगा बाहेरगावी कामाला होता. सरकारी दवाखान्याची आशाताई घरी येऊन म्हणाली, "रक्तवाढीची गोळी चहासंगं घेऊ नका. रोज आवळा खावा, म्हंजी गोळी अंगाला लागंल. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर हिला निभायचं न्हाई."

मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. माझी धाकटी बहीण बाळंतपणात अशीच गेली. तिच्या अंगाखालची गोधडी उचलली तेव्हा ती निथळत होती. अजून कधी धुणं पिळताना हात थांबतो.

सून आवळा चावून तोंड वाकडं करायची. "आत्या, हे मेंढरू बी खायाचं न्हाई."

"मेंढराला कुठं बाळंत व्हायला शिरूरला जायचंय," मी म्हणायचे. "वरनं पाणी पी, गोड लागंल."

मी बांधावर पोचले तेव्हा दीर झाडाच्या बेचक्यात उभं राहून त्यांच्या बाजूच्या फांद्या तोडत होते. खाली हिरव्या आवळ्यांचा सडा पडला होता. सून आमच्या बाजूला, हातात फांदी ओढायची आकडी घेऊन तशीच उभी.

मालक विहिरीवरच्या मोटरीकडून काठी घेऊन आले. "खाली उतर."

"माझ्या बाजूचं तोडतोय," दीर वरून म्हणाले. "तुझ्या बाजूच्या पानाला बी हात लावला न्हाई. बापांनी ठरवलेलंच करतोय."

"बापांनी खायाचं ठरवलं हुतं, तोडायचं न्हाई."

"आता ऊस मरंल तो तू भरून देशील? जा, बायकूच्या पदराखाली बस."

मालकांनी त्यांचा पाय धरून ओढला. दीर बांधावर आदळले आणि उठले ते मालकांवरच. दोघं आमच्या बाजूला गडगडले. दिरांनी मालकांच्या छातीवर बसून तोंडावर बुक्क्या मारल्या. नाकातून रक्त उडालं ते माझ्या पायावर पडलं, कोमट. मग त्यांनी बाजूला पडलेली कुऱ्हाड उचलली. मी सुनेच्या हातातली आकडी हिसकली आणि त्यांच्या मनगटावर घातली. हाड वाजलं. कुऱ्हाड सुटली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमची नजरानजर झाली.

तेवढ्यात वर कडकड झाली. आवळीचं लाकूड ठिसूळ. एका बाजूचा भार गेला होता आणि आमच्या बाजूच्या फांद्या फळांनी लगडलेल्या. उरलेलं झाड बेचक्यापासून चिरत आमच्याकडं येत होतं. सून खालीच होती. माझ्या हाताला तिची वेणी आली, वेणीच धरून मी तिला फरफटत बाहेर ओढलं. ती ओरडली, केस माझ्या मुठीत आले. मालक लोळत बाजूला झाले. दीर उठत होते, ते सापडले. फांदी त्यांच्या खांद्यावर पडली. ते आपल्या बाजूला राहिले असते तर त्यांना काही झालं नसतं.

ते फांदीखाली कण्हत होते. मालक उठले आणि कुऱ्हाडीकडं वाकले. त्यांचा चेहरा रक्तानं माखलेला, ओळखू येईना. मी कुऱ्हाडीच्या दांड्यावर पाय ठेवला.

"पाय काढ."

"न्हाई," मी म्हणाले. "ह्यांना मारलं तर तुम्ही जेलात जाल. मग हिला दवाखान्यात कोण न्यायचं?"

त्यांनी हात मागं घेतला. मग खाली बसले.

शेजारच्या रानातली माणसं आली. त्यांनी फांदी उचलली आणि दिरांना गाडीत घालून नेलं. सुनेला मी घरी पाठवलं आणि आवळे वेचायला लागले. आमच्या बाजूचे, त्यांच्या बाजूचे, सगळेच. काहींवर रक्त होतं, ते विहिरीवर धुतले. सगळे वाफवले, बिया काढल्या, मीठ लावून पत्र्यावर वाळवले. ताज्याइतका नसला तरी वाळल्या आवळ्यातही गुण राहतो, असं आशाताईनं सांगितलं होतं. डबा भरून झाला. सून रोज गोळीबरोबर दोन फोडी खायची. वेणी ओढल्याचं तिनं एकदाच काढलं. "आत्या, आता केस वाढायला बी आवळाच लावा," म्हणाली.

शिरूरच्या दवाखान्यात ती बाळंत झाली. रक्त गेलंच. मी दाराशी उभी राहून बाहेर आणलेल्या प्रत्येक चादरीकडं बघत होते. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी हाय. आईबी बरी हाय." 

आता आवळीच्या बुंध्याला फुटवा आला आहे, पण दिरांच्या बाजूनं. त्यांचा एक हात खांद्याच्या वर जात नाही. दुसऱ्या हातात कोयता घेऊन ते उसाच्या कडेला उभे असतात. मी डोक्यावरून पदर घेते, कळशी उचलते, बांध ओलांडून त्यांच्या रानात जाते आणि फुटव्याला पाणी घालते.  मी पाठ फिरवून परत येते, तेव्हा कान मागं असतात. कोयत्याचा आवाज उसावरच येतो, फुटव्यावर नाही. नात चालायला लागली आहे, तिलाही पुढं आवळा लागेल.